छायाचित्रकार पाण्याखाली जातो तेव्हा



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुटी संपवून आमच्या महाविद्यालयातील बारावीचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेत माझ्याकडे आला. सुटीत तो मालवणला मामाकडे गेला होता. तेथे प्रशिक्षकाबरोबर तो समुद्रात सहा मीटर खोल उतरला आणि भाड्याने घेतलेल्या एका लहानशा जलरोधक कॅमेऱ्याने त्याने तांबोसा माशाचे छायाचित्र काढले. ते माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "सर, मला पाण्याखालचा फोटोग्राफर व्हायचं आहे. मग हे वक्रीभवन आणि बॉईलचा नियम मला कशाला? त्यापेक्षा भारी कॅमेऱ्यासाठी पैसे साठवतो आणि शास्त्र शाखा सोडून देतो."

मी छायाचित्र पाहिले. सगळे चित्र हिरवट-निळे होते. बाजारात पाटीवर लालभडक दिसणारा तांबोसा येथे करडा-काळपट दिसत होता. चित्रभर पांढरे ठिपके होते. जणू कोणी रांगोळी भुरभुरवली असावी. मासा पुसट तर होताच, शिवाय इवलासा होता. "मासा माझ्यापासून दीड मीटरवर होता, सर, नक्की!" असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मी त्याला म्हणालो, "तुझ्या चित्रात जेवढे दोष आहेत त्या सगळ्यांची उत्तरे तुझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहेत. आधी ती पाहू. शाखा सोडायची की नाही ते मग ठरव."

त्या दिवशी आमच्यात जे बोलणे झाले तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

कॅमेरा पाण्यात उतरतो

पाण्याखाली छायाचित्र काढण्याची खटपट बरीच जुनी आहे. १८५६ मध्ये इंग्लंडमधील वेमथ येथे विल्यम थॉम्पसन नावाच्या वकिलाने एका पेटीत कॅमेरा बसवला आणि तो होडीतून उपसागरात सोडला. पेटीत पाणी शिरले, पण तळाचे अंधुकसे चित्र काचेवर उमटले. थॉम्पसन स्वतः मात्र होडीतच होता.

१८९३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल्स या गावी प्राणिशास्त्रज्ञ लुई बूताँ हे पाणबुड्याचा जड पोशाख चढवून कॅमेऱ्यासह तळाशी उतरले. कॅमेऱ्याची पेटी त्यांच्या भावाने तयार केली होती. एकेका चित्रासाठी कधी कधी अर्धा तास कॅमेरा उघडा ठेवावा लागे. तेवढा वेळ मासा कसा थांबणार? म्हणून त्यांनी उजेडाची एक विलक्षण युक्ती केली. प्राणवायू भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवला, त्यावर काचेची हंडी घातली, आणि रबरी फुग्याने दिव्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची भुकटी फुंकली. पाण्याखालचा हा आद्य फ्लॅश!

१९२६ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. तेव्हाच्या रंगीत काचपट्ट्यांना फार उजेड लागे. म्हणून त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी ठेवून ती पेटवली. या प्रयोगांत एकदा भुकटी अवेळी पेटली आणि लाँगली चांगलेच भाजले. तरीही चित्रे मिळाली. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने ती १९२७ च्या जानेवारीत छापली.

ही चारही माणसे पोटासाठी दुसरे काही करणारी होती किंवा संशोधनापुरती पाण्यात उतरणारी होती. पाण्याखालचे छायाचित्रण हाच व्यवसाय होऊ शकला तो पुढे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाठीवर बांधायच्या हवेच्या नळकांड्याला एक अशी झडप जोडली, की पाणबुड्याला हवी तेव्हा आणि आजूबाजूच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळावी. नळ्या, दोऱ्या व जड शिरस्त्राण गेले. माणूस माशासारखा मोकळा झाला. मग या व्यवसायात शिरणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. त्यांतील एकाची कारकीर्द आपण जरा जवळून पाहू.

रबरी पिशवीतला कॅमेरा

डेव्हिड डुबिले यांचा जन्म १९४६ मध्ये न्यूयॉर्कला झाला. आठव्या वर्षी शिबिरात असताना त्यांनी डोळ्यांवर मुखवटा चढवून तळ्याच्या पाण्यात डोके घातले आणि तेथून पुढे ते पाण्याचेच झाले. बारा वर्षांचे असताना त्यांनी साधा 'ब्राउनी हॉकआय' कॅमेरा रबरी पिशवीत घातला. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना जी पिशवी वापरतात, तसली ती पिशवी होती. हा कॅमेरा घेऊन ते न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर पाण्यात शिरले.

आता तुम्हीच विचार करा, हवा भरलेली पिशवी पाण्यात नेली तर काय होईल? एक तर ती वर यायला धडपडेल, कारण तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त आहे. हे आर्किमिडीजचे तत्त्व झाले. दुसरे म्हणजे जसजसे खोल जावे तसतशी ती चिपत जाईल. हा बॉईलचा नियम. बारा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही नियम पिशवीनेच शिकवले असणार!

पुढे डुबिले यांनी न्यू जर्सीतील सँडी हुक येथील सागरी प्रयोगशाळेत पाणबुड्या-छायाचित्रकार म्हणून काम केले. बहामा बेटांवर ते बुडी मारायचे शिक्षकही होते. १९७० मध्ये ते बोस्टन विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यानंतर लवकरच 'नॅशनल जिऑग्राफिक'साठी त्यांचे काम सुरू झाले आणि ते पन्नास वर्षांहून अधिक काळ चालले. हा क्रम नीट ध्यानात घ्या. आधी पोहणे, मग बुडी, मग दुसऱ्याच्या हाताखाली शास्त्रीय काम, मग पदवी, आणि मग नाव.

रंग कोठे जातो?

आता आमच्या विद्यार्थ्याच्या चित्राकडे वळू. तांबोशाचा लाल रंग कोठे गेला?

पाणी आपल्याला रंगहीन वाटते, कारण आपण ते पेलाभरच पाहतो. प्रत्यक्षात पाणी लाल प्रकाश फार वेगाने शोषून घेते. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा लाल प्रकाशाचा सुमारे ३० टक्के भाग दर मीटरला नाहीसा होतो. म्हणजे १०० भाग लाल प्रकाश निघाला तर एक मीटरनंतर ७० उरतो, दोन मीटरनंतर ४९, पाच मीटरनंतर १७ आणि दहा मीटरनंतर जेमतेम ३. निळ्या प्रकाशाचे शोषण मात्र स्वच्छ पाण्यात फारच थोडे होते. म्हणून खोल समुद्र निळा दिसतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यातील सूक्ष्म वनस्पती निळा प्रकाशही खातात, म्हणून तेथील चित्र हिरवट येते.

मासा सहा मीटर खोल होता. सूर्याचा लाल प्रकाश सहा मीटर पाणी ओलांडून त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा १०० पैकी १२ भाग उरला होता. तेथून परावर्तित होऊन कॅमेऱ्यापर्यंत यायला आणखी दोन मीटर. (दोन का, दीड का नाही, ते पुढे येईलच.) म्हणजे उरला सुमारे ६. लाल वस्तूवर लाल प्रकाशच पडला नाही तर ती काळी दिसणार. खोल पाण्यात पाणबुड्याला खरचटले तर रक्तसुद्धा हिरवट-काळे दिसते, ते याच कारणाने.

"मग सर, फ्लॅश मारायचा!" विद्यार्थी म्हणाला.

बरोबर. पण हिशेब करा. फ्लॅशचा प्रकाश माशापर्यंत जातो आणि परत येतो. मासा दोन मीटरवर असेल तर एकूण प्रवास चार मीटर. १०० पैकी २४ भाग लाल परत येईल. मासा अर्ध्या मीटरवर असेल तर प्रवास एक मीटर. ७० भाग परत येईल. फ्लॅश तोच, कॅमेरा तोच, फक्त मधले पाणी कमी केले की लाल रंग जवळजवळ तिप्पट झाला.

या व्यवसायातील लोकांचा एक साधा नियम आहे: जवळ जा, आणि जवळ पोहोचल्यावर आणखी थोडे जवळ जा. तो नियम कोठून आला ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. पाण्याखालचा छायाचित्रकार आयुष्यभर एकच गोष्ट करत असतो. तो आपल्या आणि माशाच्या मधले पाणी कमी करत असतो.

डोळ्यांची फसवणूक

"पण सर, मी जवळच होतो. दीड मीटर!"

येथे वक्रीभवन येते. (काही पुस्तकांत यालाच अपवर्तन म्हणतात.) पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे ४/३ आहे. मुखवट्याच्या सपाट काचेतून पाहताना पाण्यातून हवेत येणारे किरण वाकतात. त्यामुळे वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर भासते. हौदाचा तळ वर आल्यासारखा वाटतो, तसेच हे. म्हणजे जो मासा दीड मीटरवर वाटला तो खरोखर दोन मीटरवर होता. बिचाऱ्याने अर्धा मीटर पाणी हिशेबातच धरले नव्हते!

सपाट काच आणखी एक खोडी करते. तिच्यातून कॅमेऱ्याला दिसणारा प्रदेश आक्रसतो. आता अडचण पाहा. रंगासाठी जवळ जायचे, पण जवळ गेले की मोठा मासा किंवा आख्खा प्रवाळखडक चौकटीत मावत नाही. तो मावावा म्हणून विशाल कोनाचे भिंग लावले, तर सपाट काच त्याचा कोन कापते आणि कडेचे किरण वेडेवाकडे वाकवते.

यावर तोड म्हणजे काचेचा घुमट. कॅमेऱ्याच्या पुढे अर्धगोलाकार काच बसवायची आणि भिंगाचा मध्य घुमटाच्या मध्याशी जुळवायचा. मध्याकडे येणारा प्रत्येक किरण घुमटाच्या पृष्ठभागाला लंब असतो. लंब येणारा किरण वाकत नाही, हे तुम्ही शिकला आहातच. कोन मूळचा राहतो आणि भिंगाचा सारा आवाका परत मिळतो.

मात्र फुकट काहीच मिळत नाही. पाण्यात बुडालेला घुमट स्वतःच एखाद्या अंतर्गोल भिंगासारखा वागतो. दूरवरच्या वस्तूची आभासी प्रतिमा तो आपल्या त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावरच तयार करतो. घुमटाची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल, तर पन्नास मीटरवरचे जहाजसुद्धा कॅमेऱ्याला घुमटापासून ३० सेंटीमीटरच्या आतच असल्यासारखे दिसते! म्हणून कॅमेऱ्याचे भिंग जवळच्या अंतराला जुळवता आले पाहिजे.

अर्धे पाण्यावर आणि अर्धे पाण्याखाली, अशा छायाचित्रांसाठी डुबिले प्रसिद्ध आहेत. वर बेट, आकाश, ढग; खाली प्रवाळ आणि मासे; मधोमध पाण्याची रेघ. असे चित्र पाहताना आता तुम्हांला त्यामागची अडचण कळेल. वरच्या अर्ध्या भागात घुमटाबाहेर हवा आहे, तेथे ढग दूर आहेत. खालच्या अर्ध्या भागात पाणी आहे, तेथे दूरची वस्तूही घुमटाच्या पुढ्यात येऊन बसली आहे. एकाच भिंगाने दोन्ही स्पष्ट हवेत. त्यासाठी घुमट मोठा घ्यायचा, म्हणजे प्रतिमा जरा दूर जाते, आणि भिंगाचे छिद्र अगदी बारीक करायचे, म्हणजे जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट येते. छिद्र बारीक केले की उजेड कमी पडतो. मग भर दुपारचे ऊन गाठायचे आणि खालच्या भागाला फ्लॅशची जोड द्यायची.

धुक्यातले दिवे

चित्रातले पांढरे ठिपके राहिले. पावसाळ्यात रात्री आंबोली घाटातून गेला आहात काय? धुके दाट झाले की गाडीचा चालक मोठे दिवे बंद करून खालचे लावतो. दिवे जितके प्रखर, तितकी समोर पांढरी भिंत. धुक्यातील पाण्याचे कण प्रकाश विखुरतात आणि त्याचा काही भाग थेट आपल्या डोळ्यांकडे परततो.

समुद्रातही गाळाचे आणि सूक्ष्म जीवांचे कण तरंगत असतात. कोकणच्या किनाऱ्याला पावसाळ्यात नद्या गाळ आणून टाकतात, त्यामुळे पाणी निवळायला वेळ लागतो. कॅमेऱ्याच्या अंगावरचाच फ्लॅश मारला की प्रत्येक कण दिव्यासारखा चमकतो. म्हणून व्यावसायिक छायाचित्रकाराचे फ्लॅश कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर बसवलेले असतात, जणू खेकड्याच्या नांग्याच! प्रकाश बाजूने येऊन माशावर पडतो. कॅमेरा आणि मासा यांच्या मधले पाणी मात्र शक्य तितके अंधारात राहते. येथेही तोच नियम: मधले पाणी जितके कमी, तितके कण कमी.

हे फ्लॅश ज्यांच्यामुळे शक्य झाले ते हॅरोल्ड एजर्टन हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. क्षणाच्या अत्यल्प भागात लखकन पेटणारा विजेचा दिवा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९५३ पासून ते कूस्तो यांच्याबरोबर समुद्रावर जाऊ लागले. मॅग्नेशियमच्या पिंपाची जागा लहानशा विद्युत-दिव्याने घेतली.

दाब: पेटीवर आणि छातीवर

समुद्रात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, तीस मीटरवर ४. कॅमेऱ्याच्या पेटीतील हवेचा दाब मात्र १ च राहतो. म्हणजे तीस मीटरवर पेटीला बाहेरून ३ वातावरणांचा जादा दाब सोसावा लागतो. दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३ किलोग्रॅम वजनाइतका. पेटीची काच १० सेंटीमीटर लांब व १० सेंटीमीटर रुंद असेल तर तिच्यावर ३०० किलोग्रॅमचा भार पडतो, म्हणजे पाच माणसे उभी राहिल्यासारखे. झाकणाच्या खाचेत बसवलेल्या रबरी कड्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला, तर पाणी तेथून आत शिरते. म्हणून कितीही अनुभवी छायाचित्रकार असला तरी बुडीच्या आधी तो कडे काढतो, पुसतो, बोटाने चाचपून पाहतो आणि मगच बसवतो.

पेटी बुडाली तर पैसे जातात. शरीराच्या बाबतीत चूक झाली तर प्राण जातात.

दहा मीटर खोलीवर पाणबुड्याने नळकांड्यातून छाती भरून ६ लिटर हवा घेतली, श्वास रोखला आणि घाबरून तो वर आला, तर काय होईल? दाब निम्मा झाला, म्हणजे बॉईलच्या नियमाप्रमाणे हवेचे आकारमान दुप्पट व्हायला पाहते, १२ लिटर. फुप्फुसे एवढी ताणत नाहीत, ती फाटतात. म्हणून नळकांडे लावून बुडी मारणाऱ्याचा पहिला धडा असा: श्वास कधीही रोखू नये, आणि सावकाश वर यावे.

सावकाश येण्याला आणखी एक कारण आहे. जास्त दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात अधिक विरघळतो. सोडावॉटरची बाटली एकदम उघडली की बुडबुडे फसफसतात, तसेच झपाट्याने वर येणाऱ्याच्या रक्तात होते. सांधे दुखतात, अंग लुळे पडते, मृत्यूही येतो. समोर कितीही दुर्मीळ मासा असला, तरी घड्याळाने सांगितले की वर निघावे लागते.

हवेचाही हिशेब असतो. १२ लिटरच्या नळकांड्यात २०० वातावरण दाबाची हवा भरली तर ती पृष्ठभागावरच्या २४०० लिटर हवेइतकी होते. मिनिटाला २० लिटर लागते असे धरले, तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. पण तीस मीटरवर प्रत्येक श्वास चौपट दाबाचा. तेथे जेमतेम अर्धा तास. त्यातूनही वर येण्यासाठी हवा राखून ठेवायची.

छत्तीस चित्रांची बुडी

आता या अर्ध्या तासात काम कसे करायचे ते पाहा. फिल्मच्या जमान्यात एका कॅमेऱ्यात ३६ चित्रे मावत आणि पाण्याखाली फिल्म बदलता येत नसे. आज अंकीय कॅमेऱ्यात शेकडो चित्रे मावतात, पण हवेचा हिशेब मात्र तोच आहे.

१९७२ मध्ये लाल समुद्रातील एका विशेष जातीच्या वामांवर लेख प्रसिद्ध झाला. लेखिका होत्या यूजिनी क्लार्क या नामांकित मत्स्यशास्त्रज्ञ, आणि छायाचित्रकारांत डुबिले होते. या वामा वाळूत बिळे करून राहतात. अर्धे अंग बाहेर काढून त्या शेकड्यांनी डोलत असतात. दुरून पाहावे तर बागेत रोपे वाऱ्यावर हलत आहेत असे वाटते. पण पाणबुड्या जवळ आला की सगळी बाग क्षणात वाळूत गडप! जवळ जा हा नियम, आणि जवळ गेलात की विषयच नाहीसा. अशा वेळी कॅमेरा तळाशी ठेवून दूर सरावे लागते, लांबून कळ दाबावी लागते आणि वाट पाहावी लागते.

माशाजवळ जायचे म्हणजे अंगावर धावून जायचे नव्हे. छायाचित्रकार आपले वजन असे जुळवून घेतो की तो पाण्यात ना बुडतो ना वर येतो. मग नुसत्या श्वासावर तो वर-खाली होतो. अर्धा लिटर हवा जास्त घेतली की अर्धा किलो जादा उचल मिळते. ज्याला हे साधत नाही त्याचे पाय तळाला लागतात, गाळ उसळतो, आणि शेकडो वर्षे वाढलेला प्रवाळ एका लाथेत मोडतो. असा माणूस कितीही भारी कॅमेरा घेऊन आला तरी या व्यवसायाला उपयोगाचा नाही.

१९८७ मध्ये पापुआ न्यू गिनीजवळ डुबिले यांनी घेतलेले एक चित्र जगभर गाजले. बाराकुडा माशांचा थवा एका पाणबुडीण बाईंभोवती गोल फिरतो आहे आणि मधोमध त्या हात वर करून तरंगत आहेत. चित्र पाहताना ते सहज टिपल्यासारखे वाटते. पण तो क्षण आला तेव्हा घेणारा तेथे तयार होता, कारण त्यामागे तिसाहून अधिक वर्षांच्या बुड्या होत्या.

छायाचित्र हा पुरावाही असतो

मासिकांत चित्रे छापून येणारे जगात थोडेच. पण या कौशल्याला कामे पुष्कळ आहेत. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ मध्ये स्थापन झाली. या संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी द्वारकेजवळ समुद्रतळावरील दगडी बांधकामांचा आणि नांगरांचा शोध घेतला. तेथे पाण्याखालचे छायाचित्र म्हणजे नोंदवहीचे पान असते. मुंबई हायच्या तेलविहिरींच्या लोखंडी मनोऱ्यांचे पाण्यातले पाय, बंदरांचे धक्के, धरणांच्या भिंती, जहाजांचे तळ, हे सारे तपासताना चित्रे घ्यावी लागतात.

प्रवाळांचे काम तर फारच मोलाचे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले की प्रवाळाच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे घडले. तोच खडक, तेच अंतर, तोच प्रकाश ठेवून वर्षानुवर्षे चित्रे घेतली, तर कोणता प्रवाळ सावरला आणि कोणता मेला ते कळते. चित्राच्या कडेला मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवतात. का, ते आता तुम्ही सांगू शकाल. पाणी अंतरही खोटे सांगते आणि रंगही. ज्याला हे माहीत नाही त्याच्या चित्रात निरोगी प्रवाळही फिका दिसेल, आणि त्याचा पुरावा चुकीचा ठरेल. १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

घरी करून पाहा

१. खोलगट वाडग्याच्या तळाशी नाणे ठेवा. काठाआड ते दिसेनासे होईपर्यंत मागे सरा. मित्राला हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणे पुन्हा दिसू लागेल.

२. काचेच्या मोठ्या बरणीत पाणी भरून त्यात दुधाचे तीन-चार थेंब टाका. पलीकडे एक चित्र टेकवून ठेवा. अंधाऱ्या खोलीत विजेरी डोळ्याजवळ धरून चित्र पाहा. मग विजेरी बरणीच्या कडेने, थेट चित्रावर धरून पाहा. चित्र केव्हा जास्त स्पष्ट दिसते?

३. हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्याच्या बादलीत खाली न्या. पिशवी हाताला चिकटते. हा पाण्याचा दाब.

मात्र विहिरीत, तळ्यात किंवा समुद्रात एकट्याने प्रयोग करायला जाऊ नका. आधी उत्तम पोहायला शिका. बुडीचे शिक्षण मान्यताप्राप्त शिक्षकाकडूनच घ्या.

आता आमच्या विद्यार्थ्याविषयी सांगतो. त्याने शास्त्र शाखा सोडली नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा मालवणला गेला. कॅमेरा भाड्याचा, तोच होता. या खेपेस त्याने माशाचा नाद सोडला, खडकावरचा एक लहान खेकडा निवडला, प्रशिक्षकाच्या हातात विजेरी देऊन ती बाजूने धरायला सांगितली आणि स्वतः वीतभर अंतरावर जाऊन पंधरा मिनिटे वाट पाहिली. चित्रात ठिपके अगदी थोडे होते. खेकड्याच्या नांग्या स्पष्ट लाल आल्या होत्या. एका कोपऱ्यात प्रशिक्षकाचा अंगठा आला होता, तेवढा दोष सोडा.

चित्राच्या मागे त्याने पेन्सिलीने लिहिले होते: "मधले पाणी, ३० सेंमी."

स्वाध्याय

१. मुखवट्यातून पाहताना एक कासव ३ मीटरवर भासते. ते खरोखर किती अंतरावर आहे?

२. फ्लॅशपासून मासा एक मीटरवर आहे. परत येणारा लाल प्रकाश १०० पैकी किती?

३. वीस मीटर खोलीवर २४०० लिटर हवा किती मिनिटे पुरेल? (मिनिटाला पृष्ठभागावर २० लिटर.)

(उत्तरे: १. ४ मीटर, २. ४९, ३. ४० मिनिटे.)